उन्हाच्या हातची नक्कल

पोटॅशियम फेरीसायनाइडचे नारिंगी-तांबडे स्फटिक दहा ग्रॅम आणि फेरिक अमोनियम सायट्रेटची हिरवी भुकटी पंचवीस ग्रॅम, ही दोन द्रव्ये प्रत्येकी १०० मिलिलिटर पाण्यात निरनिराळी विरघळवून ठेवावीत, ऐन वेळी समभाग एकत्र करावीत, आणि तो पिवळसर हिरवा द्राव मंद दिव्याच्या उजेडात रुंद कुंचल्याने हातकागदावर पसरून अंधारात वाळू द्यावा, एवढीच सायनोटाइपची पूर्वतयारी होय. फेरीसायनाइडला तीव्र आम्लाचा स्पर्श मात्र होऊ देऊ नये. त्यातून विषारी वायू निघू शकतो.

सर जॉन हर्शेल या ज्योतिर्विदाने १८४२ साली ही रीत शोधून काढली. उन्हातील अतिनील किरणांच्या योगाने फेरिक लोहाचे फेरस लोहात रूपांतर होते, त्याचा फेरीसायनाइडशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा प्रशियन निळा रंग कागदाच्या तंतूंत बसतो, आणि जेथे ऊन पोचले नाही तेथील द्रव्य धुण्यात वाहून जाते. यावरून वस्तूखाली पांढरे आणि बाकी निळे, एवढाच हा सरळ व्यवहार असावा असे वाटते. परंतु घरातल्या नित्याच्या वस्तू घेऊन भर दुपारी गच्चीवर बसले म्हणजे या व्यवहारातील खरा तपशील उलगडू लागतो.

चहाची पोलादी गाळणी मी दांड्याला आधार देऊन, तळ कागदाला टेकेल अशी ठेवली होती. छपाई धुतल्यावर पाहतो तो, तळाशी जाळीची एकेक तार सुईने कोरल्यासारखी स्पष्ट; तेथून कडेकडे जाळी जसजशी कागदापासून उचलली गेली होती तसतशा रेषा मऊ होत गेलेल्या, आणि काठापाशी त्यांचे एकसारखे फिकट निळे धुके झालेले. सूर्य हा बिंदू नसून आपल्या दृष्टीस सुमारे अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे वस्तू कागदापासून एक सेंटिमीटर उचलली की सावलीची कड मिलिमीटरच्या दशांशाने पसरते; शिवाय अतिनील प्रकाशाचा मोठा वाटा सूर्याकडून थेट न येता आकाशभर विखरून येतो, आणि तो अधांतरी भागाखाली सर्व बाजूंनी शिरतो. म्हणून गाळणीचा दांडा, अपारदर्शक असूनही, पांढरा न उमटता फिका निळा उमटला. पदार्थ किती दाट आहे याबरोबरच तो कागदापासून किती उंच आहे याचीही नोंद या कागदावर होते, आणि ती कोणत्याही चित्रकाराच्या हातून होणार नाही इतकी चोख असते.

औषधाची तपकिरी बाटली आणि काचेचा साधा पेला शेजारी शेजारी ठेवले असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. डोळ्यास दोन्हींतून आरपार दिसते; कागदाच्या लेखी मात्र बाटली जवळजवळ भिंतच ठरते, आणि औषधे अशा बाटलीत का भरतात याचा तो दाखलाच होय. पेल्याची सावली फिकी पडते, पण त्याच्या वक्र काचेने एकवटलेल्या किरणांची गडद निळी रेघ तिच्यात उमटते. ही रेघ आणि उंच वस्तूंच्या सावलीची टोके कधीही अगदी रेखीव नसतात, कारण दहा मिनिटांच्या मुदतीत सूर्य अडीच अंश सरकलेला असतो आणि दहा सेंटिमीटर उंचीच्या बाटलीची सावली तेवढ्यात चारेक मिलिमीटर हललेली असते.

हे सारे पाहिल्यावर ॲना ॲटकिन्स या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रीच्या निवडीचे मर्म मला अधिक कळले. १८४३ पासून दहा वर्षे तिने ब्रिटिश शैवालांचे सायनोटाइप छापून त्यांचे भाग प्रसिद्ध केले, आणि मजकूरही आपल्याच हस्ताक्षरात त्याच रीतीने छापला. इतक्या सूक्ष्म वनस्पतींची अचूक चित्रे हाताने काढणे दुष्कर, हे तिने कारण दिले आहे. त्यात मी एवढीच भर घालीन की, शैवाल कागदावर सपाट निजते, त्यामुळे सावली पसरण्यास वावच राहत नाही. शिवाय ते अर्धपारदर्शक असल्याने एकावर एक आलेल्या पदरांची दाटीही निळ्याच्या छटांतून वाचता येते. तिचे ते कागद मी विज्ञानाच्या इतिहासातील अत्यंत सुंदर दस्तऐवजांत गणतो.

ऊन पुरेसे झाले याची खूण घड्याळापेक्षा कागदच नीट देतो: उघडा भाग हिरव्यावरून निळ्यावर आणि पुढे राखी, काहीशा काशाच्या रंगावर आला म्हणजे उचलावा. ढगाळ दिवशी वेळ बराच अधिक लागतो, तरी काम अडत नाही. नंतर पाणी पिवळे जाईनासे होईपर्यंत धुवावे. वाळल्यावर पुढचा दिवसभर निळा रंग गडद होत राहतो.

हा रंग क्षारापुढे टिकत नाही. सार्वजनिक बांधकामाचे नकाशे याच पद्धतीने निळ्या कागदावर काढले जात त्या काळी, आरेखक धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने निळा रंग खाऊन त्यावर फिक्या अक्षरांत दुरुस्त्या लिहीत. मीही तीच युक्ती पत्करली असून प्रत्येक छपाईच्या कोपऱ्यात सोड्यात बुडवलेल्या बोरूने महिना, वेळ, उन्हाची मुदत आणि वस्तूची कागदापासूनची उंची नोंदवतो, म्हणजे दोन कागद शेजारी ठेवून त्यांतील फरकाची रुजवात घालता येते.