कागदाचा दवाखाना : लेखांक ७ – एक सर्पदंश, सहा नोंदी

सर्पदंशाच्या रुग्णाची पहिली नोंद केसपेपरवर होते, आणि तीच सगळ्यांत कामाची असते. सोमेश्वरनगर परिसरात कारखान्याचे गाळप सुरू झाले की ऊसतोड टोळ्या पहाटेच फडात उतरतात. पाचटात पाय पडतो आणि घोणस डसते. रुग्णाला दुचाकीवर दोघांच्या मधे बसवून आरोग्य केंद्रात आणले जाते. दंश किती वाजता झाला, सूज कुठवर चढली, पापण्या जड झाल्या का, लघवीतून रक्त जाते का, हे लिहून झाल्यावर दोन-तीन मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि नळी वीस मिनिटे न हलवता ठेवतात. मग ती तिरकी करायची. रक्त वाहिले तर ते गोठत नाही, म्हणजे विष रक्तात भिनले आहे. नळीच्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेली वेळ ही या साऱ्या कागदपत्रांतली सर्वांत मोलाची ओळ. प्रतिसर्पविष दिल्यावर दर सहा तासांनी हीच चाचणी पुन्हा करावी लागते. मागची वेळ लिहिलेली नसेल तर पुढचा डोस कशाच्या आधाराने ठरवायचा? हे लिहिणे उपचाराचाच भाग आहे, त्याला ओझे म्हणता येत नाही. ओझे सुरू होते ते तीच हकिगत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या चौकटीत बसवताना.

सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या लागतात. त्या साठा नोंदवहीत बॅच क्रमांकासह खर्ची टाकायच्या आणि संगणकावरच्या साठ्यातूनही वजा करायच्या. साथरोग सर्वेक्षणाच्या ‘पी’ फॉर्ममध्ये सर्पदंशाचा स्वतंत्र रकाना आहे. एप्रिल २०२१ पासून हे काम एकात्मिक आरोग्य माहिती मंचावर ऑनलाइन होते. शिवाय सर्पदंश सहसा ‘एमएलसी’, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, धरला जातो, त्यामुळे पोलीस ठाण्याला वर्दी जाते. भांडार, साथरोग विभाग आणि पोलीस यांनी एकमेकांचे कागद पाहण्याची सोय नाही. म्हणून नाव, वय, गाव आणि वेळ प्रत्येकासाठी नव्याने लिहावी लागते.

या नोंदींमध्ये कोड कुठे येतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत सापाच्या विषाला टी ६३.० हा कोड आहे. हे झाले काय बिघडले त्याचे उत्तर. कशामुळे बिघडले, याला एक्स २०. आणि दंश शेतात झाला असेल तर एक्स २०.७. शेवटचा सात म्हणजे शेत. घोणस की नाग, हे या आकड्यांना कळत नाही. अमेरिकेने याच वर्गीकरणाची स्वतःपुरती विस्तारित आवृत्ती १ ऑक्टोबर २०१५ पासून बिलांसाठी सक्तीची केली, आणि निदानाचे कोड सुमारे चौदा हजारांवरून अडुसष्ट हजारांवर गेले. तिच्यात नागाला स्वतंत्र कोड मिळाला. चावा अपघाताने, आत्महत्येच्या हेतूने की दुसऱ्याने घडवून आणला, हे एका अंकाने सांगायचे. उपचार चालू आहेत, पुढची तपासणी आहे की मागे राहिलेली व्याधी, हे शेवटच्या अक्षराने. आपली घोणस मात्र तिथे ‘आफ्रिका व आशियातील इतर साप’ या गाठोड्यात आहे. अमेरिकेतच २०१६ मध्ये चार राज्यांतल्या ५७ डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. रुग्णासमोर घालवलेल्या प्रत्येक तासामागे त्यांचे जवळजवळ दोन तास संगणकीय नोंदी आणि टेबलावरच्या कामात जात होते.

महाराष्ट्रात बिलाशी जोडलेला कोड रोगाचा नसून उपचाराचा असतो. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. सुरुवातीच्या ९७१ उपचारांची संख्या जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने १,३५६ झाली आणि कुटुंबामागे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले. प्रत्येक उपचाराला ठरलेला दर. आरोग्यमित्र रेशनकार्ड आणि ओळखपत्र तपासतो, रुग्णालय पूर्वपरवानगी मागते, घरी सोडल्यावर अहवाल आणि छायाचित्रांसह दावा भरते. तातडीच्या वेळी दूरध्वनीवर परवानगी मिळते, पण कागद मागून द्यावेच लागतात. बीडहून आलेल्या मजुराचे रेशनकार्ड गावच्या घरातल्या पेटीत असते. मग फोटो काढून पाठवायला तिथे कोण आहे, याची चौकशी रुग्णालयाच्या कक्षातून सुरू होते. निदानावर कोणाचा वाद नसतो, पण दावा एका अस्पष्ट छायाचित्रावर अडू शकतो.

रुग्ण दगावला तर लिहिणे वाढते. खातेदार शेतकऱ्याच्या वारसांना गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या शेतकरी अपघात योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. त्यासाठी सातबारा, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. उपचारापूर्वीच मृत्यू होऊन शवविच्छेदन झाले नसेल तर वैद्यकीय अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र.

मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र याहून वेगळे. रुग्णालयात मृत्यू झाला तर नमुना ४, बाहेर झाला तर ४अ. त्यात ताबडतोबीचे कारण वर आणि मूळ कारण खाली, अशी उतरंड लिहायची असते. कोड डॉक्टर घालत नाही. तो सांख्यिकी कार्यालयात पडतो, आणि विषबाधेच्या मृत्यूत मूळ कारण म्हणून टी ६३.० ऐवजी एक्स २० धरला जातो. रात्रपाळीच्या शेवटी, पाचवी नोंद संपवून सहावीला बसलेल्या डॉक्टरने घाईत नुसते ‘हृदयक्रिया बंद’ लिहिले, की एक्स २० पडत नाही आणि साप आकडेवारीतून निसटतो. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे दगावल्याचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा मुख्य आधार रुग्णालयांचे कागद नव्हता. घरोघरी जाऊन, माणूस कसा गेला हे कुटुंबीयांना विचारून तो काढला होता.