घोटा दुखतोय? काला अंबला सायकलने जा

पानिपतच्या तिसऱ्या लढाईच्या स्मृतिदिनी, १४ जानेवारीला, तिथल्या काला अंब स्मारकावर जाताना बॅगेत धावायचे बूट टाकणार असाल, तर आधी घोट्याची विचारपूस करा. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पायावर पडतो. रात्रभर रेल्वेत आखडलेले पाय, हरियाणातला गारठा आणि थेट डांबरी रस्त्यावर धावणं, म्हटल्यावर घोटा कुरकुरणारच.

पाय मुरगळला असेल तर दुखरी जागा बोटाने दाबून पाहा. घोट्याच्या आतल्या वा बाहेरच्या हाडाच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर कळ येत असेल, अथवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचाच. डॉक्टर याला ‘ओटावा’ निकष म्हणतात. एरवी धावणं काही दिवस बंद आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. सुजलेल्या पायाला गरम तेलाचं मालीश पहिले दोन दिवस नको, आजी कितीही आग्रह करो.

दम टिकवायला सायकल उत्तम. शहरापासून काला अंब सुमारे ८ किलोमीटर, मुलूख सपाट. सीट इतकी उंच ठेवा की पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील. दाट धुक्यात मात्र रस्त्यावर उतरू नका. त्या दिवशी जिममधली सायकल बरी. घरी परतल्यावर पोहण्याचा तलाव गाठा: कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी पायांवर साधारण निम्माच भार येतो.