साता समुद्रापलीकडची सून

गावात नवी सून आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुठली हो?" जवळच्या गावची असली तर विषय तिथेच मिटतो. लांबच्या जिल्ह्यातली किंवा परप्रांतातली असली की मात्र कुजबूज सुरू होते. बोली निराळी, भाकरी थापता येत नाही, रीतभात ठाऊक नाही. शेतकऱ्याच्या मुलाला सोयरीक जमणे अवघड झाल्यापासून मराठवाड्यात अशा लांबच्या सुना पुष्कळ घरांत येऊ लागल्या आहेत. तेव्हा, धावडा असो की भोकरदन, सासवांनो आणि नणंदा-जावांनो, एका सुनेची हकीकत ऐका.

तिचे माहेरचे नाव इव्ह. जन्म २० जुलै १९१३, स्वित्झर्लंड देशात. वडील हंगेरीचे, जिनिव्हाच्या विद्यापीठात प्राध्यापक. आई रशियन. १९२९ साली तिची ओळख विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी झाली. ते इंग्लंडात लष्करी शिक्षण घेत होते आणि सुट्टीत फिरायला आले होते. दोघांची मने जुळली. मुलीला इतक्या दूरच्या मुलखात धाडायला वडील काही तयार होईनात. पण तिचा निश्चय पक्का होता. ती हिंदुस्थानात आली आणि १९३२ साली लखनौला दोघांचे लग्न झाले.

तो काळ आठवा. देशात सविनय कायदेभंगाची चळवळ चालू होती. गांधीजी तुरुंगात होते. गोऱ्यांचे राज्य, आणि गोरी मुलगी हिंदुस्थानी माणसाच्या घरात! अशा लग्नाकडे तेव्हा दोन्हीकडचे लोक वाकड्या नजरेने पाहत.

या मुलीने हिंदू धर्म स्वीकारला आणि सावित्री हे नाव घेतले. मांसाहार सोडला. मराठी आणि हिंदी शिकली, संस्कृतचा अभ्यास केला. वेद, उपनिषदे, पुराणे वाचली. पुढे महाराष्ट्रातल्या संतांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. आपल्याला कोणी परदेशी म्हटलेले सावित्रीबाईंना मुळीच खपत नसे.

१९४७ साली स्वातंत्र्य आले, त्याबरोबर फाळणीही आली. लाखो माणसे घरदार सोडून निघाली. काश्मीरमध्ये लढाई पेटली. आपला मराठवाडा तर निजामाच्या राजवटीतून १७ सप्टेंबर १९४८ रोजी सुटला. याच धामधुमीत स्वतंत्र भारताच्या शूर जवानांसाठी नवी पदके करायची होती. ते काम पाहणारे मेजर जनरल हिरालाल अटल यांनी पदकांचे चित्र काढायला सावित्रीबाईंनाच सांगितले.

सावित्रीबाईंना दधीची ऋषींची कथा आठवली. वृत्रासुराला मारायला वज्र हवे होते, म्हणून या ऋषींनी आपली हाडे देवांना दिली. देशासाठी देह देणाऱ्या जवानाला याहून योग्य खूण कोणती? परमवीर चक्रावर मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रे आली. महावीर चक्र आणि वीर चक्र यांचीही चित्रे त्यांचीच. ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी जाहीर झाली.

पहिले परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळाले. ते ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमध्ये बडगामला धारातीर्थी पडले होते. सावित्रीबाईंच्या थोरल्या लेकीचा नवरा हा त्यांचा सख्खा भाऊ. कारवारकडच्या रामा राघोबा राणे यांना मात्र हे पदक जिवंतपणी छातीवर मिरवता आले. आजवर २१ वीरांना ते मिळाले आहे.

१९५२ साली पती गेले, तेव्हा सावित्रीबाई चाळिशीच्याही नव्हत्या. त्या माहेरच्या देशी परतल्या नाहीत. जवानांच्या आणि फाळणीत उजाड झालेल्या कुटुंबांसाठी त्या झटल्या, रामकृष्ण मठाकडे वळल्या. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांनी इथेच देह ठेवला.

आता सांगा, सावित्रीबाई परक्या होत्या का? तेव्हा तुमच्या उंबऱ्यातून लांबची लेक आत आली तर तिच्या बोलण्याला हसू नका. "तुमच्याकडे असेच असेल" हा टोमणा मारू नका. एक शब्द तुम्ही तिला शिकवा, एक तिच्याकडून शिका. शिकायचे ती शिकेलच, पण तिला थोडी उसंत द्या. रोपसुद्धा एका वाफ्यातून दुसरीकडे लावले की चार दिवस माना टाकते. तेव्हा आपण ते उपटून फेकत नाही, पाणी घालतो.