गट कार्यालयाचे इंटरनेट : वेग वाढवावा काय?



लागण झाली की ऊसनोंद करायची, ही आपली जुनी रीत. पूर्वी चिटबॉय वहीत नोंद घेई. आता सातबारा आणि फडाचा फोटो गट कार्यालयातून संगणकावर जातो. लागणीची तारीख व जात पाहून तोडणीचा क्रम लागतो, म्हणून नोंद रखडली की सभासदाचा जीव टांगणीला लागतो. “नेट नाही, उद्या या” म्हटले की एक दिवस आणि भाडे वाया. तेव्हा मोठे कनेक्शन घ्या, असे पुष्कळ जण सुचवतात. सूचना रास्त आहे. पण पैसा आपलाच, म्हणून आधी तपासून पाहू.

वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि फोटोचे माप मेगाबाइटमध्ये असते. ८ बिट म्हणजे १ बाइट. ३ मेगाबाइटचा फोटो म्हणजे २४ मेगाबिट. सेकंदाला २ मेगाबिट वेग असला तर तो १२ सेकंदांत जातो, अर्धा मेगाबिट असला तर ४८ सेकंद लागतात. आपले मुख्य काम माहिती पाठवण्याचे. जुन्या तांब्याच्या तारेवर पाठवण्याचा वेग उतरवून घेण्याच्या वेगापेक्षा बराच कमी असतो. म्हणून दोन्ही आकडे विचारावेत.

मोटर मोठी बसवली आणि पाइपलाइन फुटकी राहिली, तर शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. तसेच हे. संगणक वायरने थेट जोडून सकाळी, दुपारी व संध्याकाळी आठवडाभर वेग मोजावा व लिहून ठेवावा.

१) वायरने वेग ठीक आणि वायफायवर कमी, तर यंत्राची जागा बदलावी.
२) ठरलेला वेगच मिळत नाही, तर तक्रार करावी. जादा पैसे कशाला भरायचे?
३) बाकी सगळे झटपट उघडते, फक्त नोंदीचा प्रोग्रॅम अडतो, तर दोष कारखान्याच्या संगणकात शोधावा.
४) ठरलेला वेग पुरा मिळूनही गर्दीत काम तुंबते, तर मात्र कनेक्शन वाढवावे. गावात फायबर आले असेल तर तेच घ्यावे.

निर्णय काहीही होवो, नेट बंद असेल त्या दिवशीही सभासदाची नोंद वहीत त्याच तारखेने घ्यावी व सहीची पोच द्यावी. सभासदांनीही पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी