पालवीची नोंद ठेवणारे यंत्र

फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा त्याच्या अंगावर पान नसते. चैत्रात कुसुंबाला लालभडक पालवी येते. साग मात्र उन्हाळाभर उघडा उभा असतो, आणि मृगाच्या सरी आल्या की त्याला मोठाली पानं फुटतात. हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण चार वर्षांपूर्वी सागाला पालवी कोणत्या तारखेला आली, असे कुणी विचारले तर? मग आपण डोके खाजवू. पाहिले सगळ्यांनी, लिहून कुणी ठेवले नाही.

इंग्लंडात रॉबर्ट मार्शम नावाचे एक जमीनदार होते. त्यांनी १७३६ सालापासून अशी नोंद ठेवली. कोणत्या झाडाला पहिले पान कधी आले, कोणता पक्षी कधी दिसला, हे ते लिहीत. त्यांच्या घराण्याने ही नोंद १९५८ सालापर्यंत चालवली. तिकडे वसंत लवकर येऊ लागला की उशिरा, हे त्या नोंदीवरून पाहता येते.

आता हे काम एक लहानसे यंत्रही करते. ते काय पाहते, ते समजून घेऊ.

उन्हात अनेक रंगांचा प्रकाश असतो. पान उन्हाच्या जोरावर आपले अन्न तयार करते. त्यासाठी ते तांबडा आणि निळा प्रकाश गिळते. हिरवा थोडा परत फेकते, म्हणून पान आपल्याला हिरवे दिसते. पण तांबड्याच्या पलीकडे आणखी एक प्रकाश असतो. त्याला अवरक्त म्हणतात. तो आपल्या डोळ्याला दिसत नाही. अन्न करायला तो पानाच्या कामाचा नाही, म्हणून पान तो भरपूर परत फेकते.

दिसत नाही, तर आहे कशावरून? घरी टीव्हीचा रिमोट असेल तर करून पाहा. खोलीत अंधार करा. मोबाइलचा कॅमेरा सुरू करा आणि त्याच्यासमोर रिमोटचं टोक धरून बटण दाबा. डोळ्याला काही दिसणार नाही, पण कॅमेऱ्यात बहुधा एक जांभळट ठिपका चमकेल. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर पुढच्या कॅमेऱ्यात पाहा. तोच हा प्रकाश.

आता थोडा हिशेब करू. समजा, दाट पिकावर तांबडा प्रकाश १०० भाग पडला. पीक त्यातले ५ भाग परत टाकते. अवरक्त १०० भाग पडला, तर ४५ परत टाकते. ४५ मधून ५ गेले, उरले ४०. ४५ आणि ५ यांची बेरीज ५०. आता ४० ला ५० ने भागा. उत्तर ०.८. नांगरलेल्या उघड्या जमिनीचे पाहा. ती तांबडा २० भाग परत टाकते आणि अवरक्त ३०. वजाबाकी १०, बेरीज ५०. उत्तर ०.२. आकडे आम्ही सोपे घेतले आहेत, पण खरी मापे याच्या आसपासच येतात. पानं वाढली की उत्तर वाढते, पानं वाळली की घटते.

यंत्र हाच हिशेब करते. ते पिकाच्या किंवा झाडांच्या वर, खांबावर बसवतात. त्याचे दोन डोळे आभाळाकडे असतात आणि दोन खाली पानांकडे. प्रत्येक जोडीत एक डोळा तांबडा प्रकाश मोजतो, एक अवरक्त. आभाळाकडे डोळे कशाला? तर ऊन कधी कडक, कधी मंद. पडले किती ते कळल्याशिवाय परत गेले किती याला अर्थ नाही.

हे डोळे महाग हवेत असे नाही. दोन-चार रुपयांना मिळणारा एलईडी दिवा वीज दिली की उजेड देतो. पण त्यावर उजेड पडला तर तो उलट थोडीशी वीज देतो! अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातले फॉरेस्ट मिम्स यांनी या गुणाचा उपयोग करून १९९० सालापासून हवेतला धूसरपणा मोजला. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठाच्या संशोधकांनी असेच दिवे लावून एका गवताळ कुरणाची पालवी मोजली. त्यांचे काम २०१० साली प्रसिद्ध झाले. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून गवत हिवाळ्यात हिरवे होते आणि उन्हाळ्यात वाळते. ती चढउतार या स्वस्त डोळ्यांनी टिपली.

पण उपग्रह वरून हिरवेपणा मोजतातच, मग खांबावरचे यंत्र हवे कशाला? प्रश्न बरोबर आहे, आणि तो आपल्या पोटाशी येऊन भिडतो. दुष्काळ कसा ठरवायचा याची नवी नियमपुस्तिका केंद्र सरकारने २०१६ साली काढली. तीत पावसाबरोबर उपग्रहाने पाहिलेला हिरवेपणाही एक खूण म्हणून धरला आहे. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तो या नव्या निकषांनुसार.

उपग्रहाच्या मात्र दोन अडचणी आहेत. एक म्हणजे ढग. खरिपाचे पीक अंग धरते नेमके तेव्हाच आभाळ भरलेले असते, आणि हा प्रकाश ढगातून आरपार येत नाही. मग आधीच्या आणि नंतरच्या उघाडीतल्या चित्रांवरून मधला अंदाज बांधावा लागतो. दुसरी अडचण ठिपक्याची. १९९९ साली आकाशात सोडलेल्या टेरा उपग्रहावरच्या एका यंत्राच्या चित्रात बारीकात बारीक ठिपका २५० मीटर लांब आणि तितकाच रुंद. म्हणजे सव्वासहा हेक्टर, सुमारे साडेपंधरा एकर. त्यात तुमची करपलेली बाजरी, शेजाऱ्याचा विहिरीवरचा ऊस आणि बांधावरची बाभूळ, सगळे एकत्र मिसळते. नव्या उपग्रहांचे ठिपके पुष्कळ लहान आहेत, पण ढग त्यांनाही आडवा येतोच. म्हणून पुस्तिकेत काही गावे निवडून शेतात जाऊन पाहणी करायलाही सांगितले आहे. खांबावरचे यंत्र ढगाखाली असते आणि एकच शेत पाहते. आमच्या मते, स्वस्त यंत्रे जागोजागी लागली तर उपग्रहाचे म्हणणे जमिनीवर पडताळता येईल. त्यांनी पाहणी बंद करावी असे मात्र आम्ही मुळीच म्हणणार नाही.

कारण यंत्रालाही खोड आहे. काचेवर धूळ बसली, कोळ्याने जाळे विणले, पाखराने घाण केली की माप चुकते. कुणीतरी फडके घेऊन ती काच पुसली पाहिजे. गाजरगवत आणि ज्वारी त्याला सारखीच हिरवी. कणीस भरले की पोचट राहिले, हे त्याला कळत नाही. म्हणून काच पुसणाऱ्याने जवळ एक वही ठेवावी. पेरणी कधी झाली, खुरपणी कधी, पाऊस किती दिवस उघडला, हे लिहावे. नाहीतर एखाद्या दिवशी आकडा एकदम खाली येतो, आणि त्या दिवशी गारा पडल्या होत्या की कापणी झाली होती, हे कुणालाच सांगता येत नाही.