भीमेवरची होडी : थोडक्यात

- नदी : उगम भीमाशंकर. लांबी ८६१ किमी. रायचूरजवळ कृष्णेला मिळते.
- काठ : दौंड भीमेकाठी, शिरूर घोडनदीकाठी. मुळा-मुठा व भीमा यांचा संगम रांजणगाव सांडस (शिरूर) आणि वाळकी (दौंड) यांच्यामध्ये.
- उजनी धरण : १९८० मध्ये पूर्ण. क्षमता सुमारे ११७ टीएमसी. फुगवटा दौंड तालुक्यापर्यंत.
- होडी : खोल पाण्यात इंजिनावर. उथळात पंखा गाळात रुतू नये म्हणून इंजिन बंद करून बांबूने रेटतात.
- पक्षी : भिगवण, कुंभारगाव परिसरात रोहित, हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च.
- सुरक्षा : मे २०२४ मध्ये उजनी जलाशयातील कुगाव-कळाशी मार्गावर वादळात होडी उलटून ६ मृत्यू. लाइफ जॅकेट घालूनच बसावे.