साक्षीदाराची स्मृती आणि वैद्याची मर्यादा

सप्तशृंगगडाचा घाट वणी परिसरातील प्रत्येक वैद्याच्या परिचयाचा आहे. जानेवारी २००८ मध्ये तेथे यात्रेकरूंची बस दरीत कोसळली, जुलै २०२३ मध्ये एस.टी.ची. अशा प्रसंगातून वाचलेल्यास पुढे जबाब द्यावा लागतो. नेमका तो क्षण मात्र आठवत नाही. मग आप्तजन वैद्याला विचारतात, "संमोहनाने किंवा ध्यानाने आठवेल का?" उत्तर जपून द्यावे. चुकीच्या आठवणीने निर्दोष चालकही दोषी ठरू शकतो.

संमोहनाची कीर्ती पसरली ती १९७६ च्या कॅलिफोर्नियातील चौचिला अपहरणामुळे. शाळेच्या बसचालकाने संमोहनावस्थेत अपहरणकर्त्यांच्या वाहनाचा क्रमांक एक अंक वगळता अचूक सांगितला. परंतु त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये संमोहनानंतरची साक्ष अग्राह्य ठरविली. संमोहित मनुष्य रिकाम्या जागा कल्पनेने भरतो आणि त्या कल्पनेविषयी त्याची खात्रीही वाढते. आपल्याकडे ५ मे २०१० च्या सेल्वी निकालाने संमतीविना नार्को चाचणीस मनाई केली. तेथेही सूचनेला बळी पडण्याच्या या दोषाची दखल घेतली गेली.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या प्रथम अध्यायात स्मृतीची आठ कारणे सांगितली आहेत. त्यांतील 'सादृश्य' आणि 'पुनःश्रुत' येथे विशेष विचारणीय वाटतात. सारख्या वस्तूच्या दर्शनाने व पुन्हा ऐकण्याने स्मरण होते, हे खरे. पण साक्षीदाराने वृत्तपत्रातील छायाचित्र पाहिले, शेजाऱ्यांची चर्चा ऐकली, की हीच दोन द्वारे परक्याची हकीकत आपली म्हणून आत घेतात. हा अर्थ माझा. मतभेदास जागा आहे.

ध्यानाचे काय? लिव्हरपूल येथील वॅगस्टाफ व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये डोळे मिटून केलेल्या अल्पकालीन एकाग्रतेने आठवणीस साहाय्य होते, असे दाखविले. उलट २०१५ च्या सॅन दिएगो येथील प्रयोगात अल्पकाळ सजगतेचे ध्यान केलेल्यांना, यादीत नसलेले शब्दही यादीत होते असे अधिक वाटले. म्हणून आधी जबाब लिहून होऊ द्यावा. पोलिसांपुढे जाण्यापूर्वी भयग्रस्तास शांत बसवून दीर्घ श्वसन शिकवावे, निद्रा सुधारावी; घटनेविषयी मात्र एकही सूचक प्रश्न विचारू नये. "ट्रक लाल होता ना?" एवढे पुरते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक गोष्ट. ब्राह्मीवरील ऑस्ट्रेलियातील चाचण्या सुमारे तीन महिन्यांच्या सेवनाच्या होत्या आणि लाभ दिसला तो नव्याने शिकलेले टिकण्यात. कालच्या अपघाताचे स्मरण व्हावे म्हणून कोणी शंखपुष्पी वा ब्राह्मी मागितली, तर तसे स्पष्ट सांगावे आणि बाटली फडताळातच राहू द्यावी.